लॅबवाल्यांनो, ट्रान्सप्लांटच्या पेशंटला 'नॉर्मल रेंज' लावू नका

महाराष्ट्रातल्या तमाम लॅबवाल्यांना, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर, टेक्निशियन, काउंटरवरच्या मॅडम आणि भल्या पहाटे बर्फाचा डबा घेऊन बाईकवर सॅम्पल गोळा करत फिरणारी पोरं, सगळ्यांना नमस्कार.

मी डॉक्टर नाही. किडनी दिलेली बाई आहे, नवऱ्याला दिली, ऑपरेशन पुण्यात झालं आणि आम्ही राहतो बार्शीला. म्हणजे डॉक्टर तिकडे, किडनी इकडे आणि मधे तुम्ही. नेफ्रोसाहेब, म्हणजे किडनीचे डॉक्टर, काही दर वेळी पेशंट समोर बसवून बघत नाहीत, व्हॉट्सॲपवर तुमचा रिपोर्ट बघतात आणि त्यावरून गोळी वाढवतात नाहीतर कमी करतात. एवढा सगळा भार तुमच्या त्या एका पानावर असतो, आणि ते पान तुम्ही कसं देता याबद्दलच बोलायचंय. भांडायला नाही आले, पण एखादा शब्द लागला तर लागू दे.

मुख्य मुद्दा आधीच सांगते. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, किडनी तो बाहेर टाकते, ती मंदावली की आकडा वाढतो. तुमच्या रिपोर्टवर त्याच्या पुढे रेंज छापलेली असते, समजा ०.७ ते १.४. ही रेंज धडधाकट, दोन किडन्यांच्या माणसांवरून काढलेली. आता समजा ट्रान्सप्लांट झालेला ४२ वर्षांचा पुरुष आहे आणि त्याचं क्रिएटिनिन वर्षभर १.१ वर टिकून आहे. एका महिन्यात ते १.४ आलं. तुमच्या मशीनच्या हिशोबानं सगळं झकास, ना लाल बाण ना ठळक अक्षर, कागदावर सगळं काळंभोर नॉर्मल. काउंटरवरची पोरगी पण म्हणते, काका रिपोर्ट चांगलाय. आणि काका खूश होऊन घरी जातात, फोटो पण पाठवत नाहीत डॉक्टरांना, कारण नॉर्मल आहे म्हटल्यावर कशाला त्रास द्यायचा. पण १.१ चं १.४ म्हणजे सत्तावीस टक्क्यांची वाढ आहे हो. ट्रान्सप्लांट सेंटरमधे साधारण पंचवीस टक्के वाढ दिसली की पुन्हा तपासा, टॅक्रो म्हणजे किडनी टिकवायच्या औषधाची रक्तातली पातळी बघा, सोनोग्राफी करा, गरज पडली तर बायोप्सी करा असा प्रकार सुरू होतो. आजकाल बऱ्याच ठिकाणी वापरतात त्या २०२१ च्या फॉर्म्युल्यानं ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, काढला तर हाच माणूस ८६ वरनं ६४ वर आलाय. किडनीचं पाव काम गेलं आणि कागद म्हणतो नॉर्मल!

त्यात क्रिएटिनिन मुळातच उशिरा बोलणारं मार्कर आहे. किडनीला आतून सूज यायला लागली, रिजेक्शन, म्हणजे शरीरानं परकी किडनी नाकारणं, सुरू झालं, तरी ते काही दिवस गप्पच बसतं, आणि काही रिजेक्शन तर अशी असतात की क्रिएटिनिन हलतच नाही, बायोप्सीतच सापडतात. म्हणजे जे थोडंफार हललंय ते तरी नीट दिसायला नको का?

आणि याच्यासाठी तुम्हाला नवीन मशीन घ्यायचं नाहीये. तुमच्या सॉफ्टवेअरमधे डेल्टा चेक म्हणून सोय असते, हे मला एका टेक्निशियननंच सांगितलं. पेशंटचा मागचा आकडा आणि आजचा आकडा यात फार फरक पडला की स्क्रीनवर इशारा येतो, मुख्यतः सॅम्पलची अदलाबदल झाली का ते पकडायला. म्हणजे तुलना तुमच्याकडे होतीये, फक्त ती आमच्यापर्यंत येत नाही. तीच खाली छापा ना. मागच्या चार-पाच तारखा आणि त्यांच्यापुढे आकडे, बस. ग्राफ नको, रंगीत किडनीचं चित्र नको, हेल्थ टिप्स तर अजिबात नकोत.

यात एक अडचण आहे ती मला माहितीये, तुमच्या नोंदणीची. दर वेळी काउंटरवर नवीन एंट्री होते. एकदा आडनाव आधी, एकदा वडिलांचं नाव गाळलेलं, एकदा वय ४१, एकदा ४४, मोबाईल नंबर कधी माझा कधी पोराचा. मग सॉफ्टवेअरला हे चार वेगळे पुरुष वाटतात आणि मागचा आकडा कुठून दिसणार. आणि वय चुकलं की ईजीएफआर पण चुकतो, कारण फॉर्म्युल्यात वय असतं. तेव्हा पहिल्यांदा आलेल्या ट्रान्सप्लांट पेशंटला एक कायमचा नंबर द्या, फाईलवर स्टिकर चिकटवा, पुढच्या वेळी आम्ही तोच दाखवू. आम्ही काही पळून जाणारे लोक नाही.

मशीनचं आणि पद्धतीचं पण सांगते. क्रिएटिनिन मोजायच्या दोन पद्धती चालतात. एक जुनी जाफेची, १८८६ सालापासूनची, पिक्रिक ॲसिड घालून केशरी रंग येतो आणि तो रंग मोजायचा. दुसरी एन्झाइमची. जाफे स्वस्त आहे म्हणून लहान लॅबमधे तीच जास्त, पण रक्तात बिलिरुबिन जास्त असेल, साखर नाहीतर कीटोन वाढलेले असतील, काही अँटिबायोटिक चालू असतील तर आकडा इकडेतिकडे होतो. म्हणून एकाच दिवशी दोन लॅबमधे रक्त दिलं तर एकीकडे १.२ आणि दुसरीकडे १.३ येणं यात कुणाची चोरी नाही. चोरी कुठे आहे सांगू, पद्धत किंवा मशीन बदलल्यावर तुम्ही कुणाला काही कळवत नाही. मागच्या महिन्यापर्यंत एका पद्धतीनं, या महिन्यात दुसऱ्या, आणि घरात आम्ही रात्रभर जागे की ०.२ वाढलं कसं. एक ओळ टाका, 'या तारखेपासून पद्धत बदलली आहे', तेवढ्यानं निम्म्या बायकांची झोप वाचेल.

तीच गोष्ट युरियाची. एक लॅब ब्लड युरिया देते, दुसरी बीयूएन, म्हणजे त्याच युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला साधारण २.१४ नं गुणलं की युरिया येतो. म्हणजे इकडे १९ आणि तिकडे ४० हे एकच आहे. पण पेशंटला काय दिसतं, मागच्या वेळी १९ होतं आता ४० झालं, डबल! एका गृहस्थांनी यावरून रात्री गाडी करून पुणे गाठलेलं मला माहितीये. इतके पैसे डिझेलमधे गेले ते वेगळंच, पण त्या माणसाचं बीपी काय झालं असेल.

आता टॅक्रो. इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

टॅक्रोलिमस हे रिजेक्शन रोखणारं औषध, बहुतेकांना सकाळ-संध्याकाळ बारा तासांनी घ्यावं लागतं. त्याची रक्तातली पातळी बघायची ती पुढचा डोस घ्यायच्या लगेच आधी, म्हणजे औषध रक्तात सगळ्यात कमी असतं तेव्हा. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर चोवीस तासांनी. गोळी घेतल्यावर एक ते तीन तासांत पातळी सगळ्यात वर गेलेली असते, तेव्हा रक्त घेतलं तर ७ च्या जागी १८ पण येऊ शकतं. सॅम्पल जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधे, पूर्ण रक्ताचं, कारण हे औषध लाल पेशींना चिकटून बसतं, पेशी काढून उरलेल्या पाण्यावर, म्हणजे सीरमवर, काढून उपयोग नाही. हे सगळं तुम्हाला शिकवलेलं असतं. पण कलेक्शनला आलेला पोरगा विचारतो काय, तर "काका उपाशी आहात ना?" अरे बाबा उपाशी असणं शुगरसाठी! याच्यासाठी विचार की गोळी घेतली का आणि रात्रीची किती वाजता घेतली. आणि साडेसातला येतो म्हणून सांगून साडेदहाला आलास तर पेशंट गोळी लांबवत बसतो नाहीतर वैतागून घेऊन टाकतो, आणि घेऊन टाकलेली असेल तर तुझ्या रिपोर्टवर त्याचा मागमूस नसतो.

हे किती महागात पडतं ते बघा. क्रिएटिनिन वाढलं की डॉक्टरांपुढे दोन मुख्य शंका असतात. टॅक्रो कमी पडलं म्हणून रिजेक्शन होतंय, का टॅक्रो जास्त झालं म्हणून औषधच किडनीला त्रास देतंय. आकडा दोन्हीकडे वरच जातो पण इलाज एकदम उलटे, एकात गोळी वाढवायची, दुसऱ्यात कमी करायची. आता चुकीच्या वेळी घेतलेल्या रक्तानं १८ दाखवलं, डॉक्टरांनी गोळी कमी केली, आणि आतमधे खरं तर पातळी आधीच कमी होती, तर काय होईल हे मी लिहायची गरज नाही. म्हणून रिपोर्टवर दोन वेळा छापा: शेवटची गोळी किती वाजता आणि रक्त किती वाजता. रिपोर्ट रिलीज झाल्याची वेळ सेकंदासकट छापता, ती घेऊन आम्ही काय करू?

टॅक्रोची पातळी हलायला कारणं पण भरपूर असतात. बुरशीची फ्लुकोनाझोलसारखी औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिननं वाढते, टीबीच्या रिफाम्पिसिननं धाडकन खाली येते. पुष्कळ पेशंटना डिल्टियाझेम देतात त्यानं टॅक्रो वर राहतं आणि गोळ्या कमी लागतात, खर्च वाचतो, आणि मग गावातल्या डॉक्टरांनी बीपीची गोळी म्हणून तीच बदलली की इकडे टॅक्रो कोसळतं. जुलाब लागले तरी पातळी बदलते, बऱ्याचदा वर जाते. गणपतीत पपनस खाल्लं तरी फरक पडू शकतो. हे सगळं तुम्ही विचारावं असं नाही म्हणत, पण फॉर्मवर 'नवीन औषध चालू केलंय का' एवढा एक रकाना असला तर पेशंटला तरी आठवेल.

आणि टॅक्रो बहुतेक ठिकाणी बाहेर पाठवलं जातं, मुंबईला नाहीतर पुण्याला, ते ठीक आहे, तालुक्याला ते मशीन परवडणार नाही हे कळतं. पण कुठे पाठवता आणि कुठल्या पद्धतीनं होतं ते लिहा. इम्युनोॲसेची पद्धत वेगळी, मास स्पेक्ट्रोमेट्रीची वेगळी, पहिल्यात बऱ्याचदा थोडं जास्त दिसतं. रेट कमी मिळाला म्हणून तुम्ही पाठवायची लॅब बदलता, तुमचा धंदा आहे, बदला, पण आमच्याकडे ६.५ चं ८ होतं आणि डॉक्टर फोनवर विचारतात गोळ्या नीट घेताय ना. नीटच घेतोय, अलार्म लावून घेतोय.

पोटॅशियमबद्दल थोडक्यात. टॅक्रोनं पोटॅशियम वाढू शकतं, सेप्ट्रान या अँटिबायोटिकनं पण, त्यामुळे खरंच वाढलेलं असू शकतं, पण दंडाला पट्टा आवळून मूठ दहादा उघड-मीट करायला लावली, किंवा रक्तातल्या पेशी ट्यूबमधे फुटल्या, तरी ६ च्या वर दाखवतं. रक्त फुटलेलं असेल तर रिपोर्ट देऊन मोकळे होऊ नका, फोन करा, आम्ही परत देतो. आणि हो, डाव्या किंवा उजव्या हाताला फिस्टुला असतो डायलिसिसच्या वेळचा, फुगलेली शीर, बोट ठेवलं तर घूंघूं लागतं, ती शीर तुमच्या पोरांना फार आवडते कारण सुई पटकन जाते. त्या हाताला हात लावायचा नाही. पेशंट नको म्हणत असताना "काही होत नाही काका" म्हणून तिथेच टोचणारे आहेत, बघितलेत मी.

क्रिएटिनिन का वाढलंय याची साधी कारणं पण असतात. ते स्नायूंतून येतं, आणि शिजवलेल्या मटणातून पण. रविवारी रश्श्यावर ताव मारला आणि सोमवारी रक्त दिलं तर थोडं वर दिसू शकतं. आमच्याकडच्या मे महिन्यात पाणी कमी प्यायलं तरी तेच. ट्रान्सप्लांटनंतर न्यूमोनिया होऊ नये म्हणून सेप्ट्रान देतात, त्यानं किडनी बिघडलेली नसतानाही क्रिएटिनिन वाढतं, कारण थोडं क्रिएटिनिन किडनीच्या नळ्यांमधूनही बाहेर टाकलं जातं आणि ते औषध ती वाट अडवतं. आणि ०.१ चा फरक हा फरकच नव्हे, रोजच्या रोज तेवढं हलतं. हे पेशंटना पण सांगतेय, रिपोर्ट उघडल्या उघडल्या रडायला लागू नका.

उलटं पण होतं, आणि ते जास्त फसवं. डायलिसिसवर वर्ष-दोन वर्षं काढलेल्या माणसाच्या अंगावर मांस उरलेलं नसतं. क्रिएटिनिन बनतच कमी, मग ते ०.९ दिसतं आणि किडनी एकदम फर्स्ट क्लास वाटते, प्रत्यक्षात तेवढी नसते. पुढे माणूस जेवायला लागला, शेतात जायला लागला, अंग भरलं की क्रिएटिनिन चढतं आणि घरात बोंबाबोंब. अशा वेळी सिस्टॅटिन सी नावाची रक्ताचीच टेस्ट असते. ते शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी बनवतात त्यामुळे स्नायूंवर फारसं अवलंबून नाही. त्यालाही खोड आहे, स्टिरॉइडनं, थायरॉइड बिघडलं तर, लठ्ठपणानं, सिगारेटनं ते हलतं, आणि आमचे लोक प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड तर घेतातच. म्हणून एकटं त्याच्यावर नको, दोन्ही मिळून काढलेला ईजीएफआर जास्त भरवशाचा, केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०२४ च्या गाईडलाईनमधे किडनीच्या पेशंटसाठी तसंच म्हटलंय. पण तुमच्याकडे विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम ही टेस्ट कोणी करत नाही". कोणी करत नाही कारण ठेवत नाही, आणि ठेवत नाही कारण कोणी करत नाही. दर महिन्याला नको आहे हो ती. वर्षातनं एकदा, किंवा डॉक्टरांना शंका आली तर. तेवढी सोय करा आणि रेट माणसासारखा ठेवा.

डोनरचं पण सांगून टाकते, कारण आम्हाला कोणी विचारत नाही. किडनी देणाऱ्यांमधे आपल्याकडे बायाच जास्त, आई, बायको, बहीण. एक किडनी काढल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जाऊन तिथेच स्थिरावतं, ते अपेक्षितच असतं. समजा आधी ०.७ होतं आणि आता १.०५, तर अडतिसाव्या वर्षी ईजीएफआर ७० च्या आसपास येतो, आणि तुमचं सॉफ्टवेअर आपोआप खाली छापतं, 'किडनीचं काम सौम्य कमी'. सासूबाईंनी तो कागद वाचला की पुढचा आठवडा घरात काय चालतं ते तुम्हाला कशाला सांगू. म्हणजे नवऱ्याचं बिघडत असताना नॉर्मल आणि माझं ठीक असताना बिघाड, कमाल आहे! फॉर्मवर विचारा ना, ट्रान्सप्लांट झालंय का, किडनी दिलीये का. दोन चौकोन.

नव्या किडनीला त्रास देणाऱ्या बीके व्हायरसची पीसीआर टेस्ट पहिल्या वर्षात ठराविक महिन्यांनी करतात, तिथेही दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत, तेव्हा तिथेही एकच लॅब धरून ठेवावी हे पेशंटनी बघावं. आणि एक नवीन टेस्ट आलीये, डोनरच्या किडनीतून पेशंटच्या रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे मोजतात, किडनीला इजा होत असेल तर ते प्रमाण वाढतं. म्हणजे नवऱ्याच्या रक्तात माझं किती टक्के चालतं ते तिच्यात कळणार, एरवी घरात ते शून्यच आहे. टेस्ट हुशार आहे पण महाग आहे, आणि तिची गरज कधी हे नेफ्रोलॉजिस्टनी ठरवायचं. ती 'संपूर्ण किडनी पॅकेज' म्हणून दिवाळी ऑफरमधे घालू नका एवढीच विनंती.

सरकारला वेगळं पत्र लिहायला पाहिजे पण इथेच दोन ओळी टाकते, आरोग्य खात्यातलं कोणी वाचत असेल तर. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना फुकट डायलिसिस द्यायची केंद्राची योजना आली, चांगलं झालं. २०२३ ला महात्मा फुले योजनेत किडनी ट्रान्सप्लांटची मर्यादा २.५ लाखांवरून ४.५ लाख करायचं ठरलं, तेही चांगलं. पण किडनी बसवल्यावर ती टिकवायची ती या तपासण्यांवर. केडिगोच्या २००९ च्या वेळापत्रकाप्रमाणे पहिला आठवडा रोज क्रिएटिनिन, मग महिनाभर आठवड्यातून दोन-तीनदा, तिसऱ्या महिन्यापर्यंत दर आठवड्याला, सहाव्यापर्यंत पंधरा दिवसांनी, वर्ष होईपर्यंत दर महिन्याला आणि पुढे कायम दोन-तीन महिन्यांनी. मजुरी बुडवून, एसटीनं जाऊन, खिशातनं पैसे घालून हे कोण किती वर्षं करेल? टॅक्रोचं सॅम्पल घ्यायची आणि पाठवायची सोय निदान प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात करा. मशीन नको, ट्यूब, बर्फ आणि गाडी पाहिजे.

परत लॅबवाल्यांकडे येते. शनिवारी घेतलेलं टॅक्रो मंगळवारी कळतं, मधे सण आला तर गुरुवारी. ताप आलेल्या, लघवी कमी झालेल्या पेशंटला हे परवडत नाही, तेव्हा अशांचं सॅम्पल वेगळं काढून त्याच दिवशी रवाना करायची काहीतरी व्यवस्था ठेवा, जास्तीचे पैसे लागले तर आधी सांगा, आम्ही देऊ. आणि क्रिएटिनिन मागच्यापेक्षा पाव पटीनं वाढलेलं दिसलं तर संध्याकाळच्या गठ्ठ्यात ईमेल करू नका, फोन उचला.

तुमच्यापैकी जो कोणी हे सुरू करेल त्यानं दारावर ठळक अक्षरात लावून टाकावं, 'ट्रान्सप्लांट पेशंटचे मागचे आकडे रिपोर्टवर मिळतील'. सोलापूर, धाराशिव, लातूर, आमच्या पट्ट्यातले सगळे एकमेकांना ओळखतात, ओपीडीच्या रांगेत दुसरं काम काय असतं, आठवड्याभरात सगळ्यांना कळेल. आणि धंद्याच्या भाषेत सांगायचं तर किडनी चालते आहे तोवर आम्ही तुमचं गिऱ्हाईक आहोत, तेव्हा ती चालती राहण्यात तुमचाही फायदाच आहे.

आपली,
एक किडनी डोनर, बार्शी